पडद्यावरचा चेअरमन, गावचा माणूस : निळू फुले

आपल्याकडे एखादा सरपंच, पाटील किंवा चेअरमन जरा जास्तच मस्तीत वागायला लागला की लोक त्याला मागून निळू फुले म्हणतात. ज्याला म्हणतात त्याला ते झोंबते, आणि म्हणणाऱ्याला काय म्हणायचे आहे ते अख्ख्या गावाला कळते. नटाचे नाव असे बोलीभाषेत रुजणे ही काही साधी गोष्ट नाही. पण गंमत अशी, की ज्या माणसाचे नाव आपण मस्तवाल पुढाऱ्याला चिकटवतो, तो माणूस आयुष्यभर अशा पुढाऱ्यांच्या समोरच्या बाजूला उभा होता.

निळू फुले 13 जुलै 2009 रोजी पुण्यात वारले. त्याला आता दीड दशकाहून जास्त काळ लोटला. आज विशी-बाविशीत असलेल्या शेतकऱ्याच्या पोराला निळूभाऊ माहीत आहेत ते मोबाइलवर फिरणाऱ्या विनोदांतून, वाड्यावर येण्याच्या त्या निरोपातून. तेवढ्यावरच त्यांची ओळख राहिली तर नुकसान आपलेच आहे. कारण गावातली सत्ता कशी चालते, तिच्यापुढे माणसे का वाकतात, हे त्यांनी जेवढे उघडे करून दाखवले तेवढे एखाद्या जाड पुस्तकातही सापडायचे नाही.

ऐंशी रुपये पगार, त्यातले दहा

निळकंठ कृष्णाजी फुले हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म 1930 सालचा, पुण्यातला. वडिलांचा धंदा लोखंडी सामानाचा आणि भाजीपाल्याचा. घरात भावंडे पुष्कळ आणि कमाई बेताची. मॅट्रिकच्या पुढे शिक्षण काही गेले नाही. अशा घरातल्या मुलाने लवकर हातपाय हलवावेत ही त्या काळची रीतच होती. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात, ज्याला आपण ए.एफ.एम.सी. म्हणतो, तिथे निळूभाऊ माळी म्हणून कामाला लागले. आडनाव फुले आणि काम फुलझाडांचे.

पगार महिन्याला 80 रुपये. त्यातले 10 रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. हिशेब केला तर कमाईचा आठवा हिस्सा झाला. घर ओढगस्तीचे असताना, अंगावर माळ्याची चाकरी असताना, दर महिन्याला आठवा हिस्सा बाजूला काढणे म्हणजे काय ते मजुरी करणाऱ्याला सांगायला नको. पुढे हाच माणूस पडद्यावर दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून घेणारा म्हणून गाजला.

माळीकामात त्यांचे मन लागले होते. स्वतःची रोपवाटिका काढावी असा बेत होता, पण भांडवल नव्हते म्हणून तो राहून गेला. आमच्या कृषी खात्यातल्या माणसाला ही ओळ वाचून थांबावेच लागते. रोपवाटिका म्हणजे नुसत्या पिशव्या भरून बी टोचणे नव्हे. तिला जागा लागते, बारमाही पाणी लागते, खात्रीची मातृझाडे लागतात. पहिली कलमे विक्रीला तयार होईपर्यंत घर चालवायला गाठीला पैसा लागतो. तारण ठेवायला जमीन नसलेल्या माळ्याला त्या काळात कर्ज कोण देणार? 1990 साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली, रोपांना मागणी वाढली आणि खेडोपाडी रोपवाटिका उभ्या राहिल्या. निळूभाऊंच्या उमेदीच्या वर्षांत असले काही नव्हते. हातात कसब असून पैशाअभावी धंदा न उभा राहिलेली माणसे प्रत्येक गावात आहेत. निळूभाऊ त्यांच्यातलेच एक होते.

कलापथकाची शाळा

राष्ट्र सेवा दल 1941 साली नव्याने उभे राहिले. साने गुरुजी, एस. एम. जोशी ही त्यातली मोठी माणसे. जात मोडायची, श्रमाला मान द्यायचा, समतेचा विचार खेड्यात न्यायचा, हे दलाचे काम. विचार खेड्यात न्यायचा तर भाषणाला किती लोक येणार? म्हणून दलाने कलापथके काढली. गाणी, पोवाडे, नाच आणि लोकनाट्य यांतून सांगायचे ते सांगायचे. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही मंडळी याच मांडवाखालून पुढे आली.

तमाशाचा साचा आपल्या लोकांना पाठ असतो. गण, गौळण, बतावणी आणि मग वग. सेवा दलवाल्यांनी हाच साचा घेतला आणि त्यात चालू काळातला विषय भरला. 1957 च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नाने सारा मुलूख तापलेला होता. त्या निवडणुकीसाठी निळूभाऊंनी स्वतः ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ हा वग लिहिला. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’ या वगातही त्यांनी काम केले. म्हणजे सुरुवातीपासूनच त्यांच्या कामाचा विषय पुढारी हाच होता.

वगात काम करणे ही नटाची कडक परीक्षा असते. देवळापुढचा पार, नाहीतर शाळेचे मैदान. उजेड गॅसबत्तीचा. समोर दिवसभर राबून आलेले लोक, त्यात पोरेबाळे. वाक्य पडले की लोक उठून जातात, नाहीतर आपसात बोलायला लागतात. संहितेबाहेरचे बोलावे लागते, गावातल्या ताज्या भानगडीवर बोट ठेवावे लागते आणि पुन्हा मूळ गोष्टीवर यावे लागते. निळूभाऊंचे डोळे आणि कान इथे तयार झाले. गावचा पुढारी सभेत कसा बसतो, उपरण्याचे टोक कसे धरतो, आलेल्या माणसाला किती वेळ उभे ठेवतो, नजर कुणाकडे वळवतो आणि कुणाकडे वळवत नाही, हे सगळे त्यांनी गावोगाव पाहून उचलले.

पुढे शंकर पाटील यांचा ‘कथा अकलेच्या कांद्याची’ हा वग त्यांनी गाजवला. शंकर पाटील कोल्हापूर भागातले, अस्सल ग्रामीण कथेचे लेखक. त्यांची भाषा आणि निळूभाऊंचा ढंग यांचे असे जमले की वगाचे प्रयोगांवर प्रयोग झाले. माळ्याची नोकरी केव्हाच मागे पडली होती.

झेलेअण्णा

1968 साली अनंत माने यांचा ‘एक गाव बारा भानगडी’ आला. कथा शंकर पाटलांचीच. त्यात निळूभाऊंनी झेलेअण्णा उभा केला. हा त्यांचा पहिला चित्रपट. गावात भानगडी लावून देणारा आणि स्वतः नामानिराळा राहणारा हा इसम लोकांनी लगेच ओळखला, कारण असा एकेक झेलेअण्णा त्यांच्या गावात होताच.

त्या वेळचा मराठी चित्रपट खेड्याच्या जिवावर चालत होता. 1959 च्या ‘सांगत्ये ऐका’नंतर तमाशाप्रधान चित्रपटांची लाट आली होती. जत्रेतल्या तंबूत, तालुक्याच्या टॉकीजमध्ये बैलगाड्या जोडून लोक जात. त्या चित्रपटांतला खलनायक बहुतेक वेळा मिशा पिळणारा, डोळे वटारणारा, ओरडणारा असे. निळूभाऊंनी ओरडणे बंद केले. ते हळू बोलत. आवाज जरा घोगरा, वाक्य तोडून तोडून टाकायचे, मध्येच थांबायचे, नजर तिरकी. समोरच्याचा जीव त्या थांबण्यातच अर्धा व्हायचा. खरा सत्ताधारी माणूस ओरडत नाही, ओरडायची त्याला गरजच पडत नाही, हे त्यांनी बरोबर हेरले होते.

1971 चा ‘सोंगाड्या’, 1972 चा ‘पिंजरा’, त्यानंतर ‘हात लावीन तिथं सोनं’, ‘चोरीचा मामला’ असे चित्रपट येत गेले. राज्य शासनाचे पुरस्कार मिळाले. चाळीस वर्षांत मराठी-हिंदी मिळून दोनशेवर चित्रपट त्यांच्या नावावर जमा झाले. खेड्यातल्या बाया त्यांच्या नावाने बोटे मोडत. नायिकेवर वाईट नजर टाकणारा हा माणूस प्रत्यक्षात सालस असेल यावर कुणाचा विश्वास बसत नसे. नटाला याहून मोठी पावती कुठली?

‘सामना’ आणि आपला साखर कारखाना

या पानाच्या वाचकाने त्यांचा एकच चित्रपट पाहायचा ठरवले तर तो ‘सामना’ पाहावा. 1974 सालचा हा चित्रपट विजय तेंडुलकर यांनी लिहिला, डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केला, कवी रामदास फुटाणे त्याचे निर्माते. 1975 च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात तो गेला होता.

गोष्ट साखर कारखान्याच्या पट्ट्यातली. हिंदूराव धोंडे-पाटील हा त्या भागाचा अनभिषिक्त राजा. कारखाना त्याचा, संस्था त्याच्या, माणसे त्याची. त्याच्या गावात एक दारुडा, भणंग मास्तर येऊन पडतो. हे काम डॉ. श्रीराम लागूंचे. मास्तर कधीकाळी गांधीजींच्या विचाराने भारलेला होता. हिंदूराव त्याला आसरा देतो, आपला पसारा हौसेने दाखवतो. मास्तरच्या कानावर मारुती कांबळे हे नाव पडते. सैन्यातून परत आलेला हा माणूस गावातून नाहीसा झालेला असतो. त्याचे काय झाले, एवढे एकच मास्तर विचारत राहतो. दारूच्या नशेत विचारतो, शुद्धीत विचारतो. त्या एका प्रश्नाने एवढ्या मोठ्या साम्राज्याला तडा जातो.

निळूभाऊंच्या हिंदूरावाला काळाकुट्ट रंग फासलेला नाही, हे त्या कामाचे मर्म. हिंदूराव कर्तबगार आहे. माळरानावर त्याने कारखाना उभा केला आहे, हाताला काम दिले आहे. पाहुण्याला जेवू घालणारा आहे, मास्तरवर त्याचा एक प्रकारे जीवही जडतो. आणि तरीही एक माणूस गिळंकृत झालेला आहे. पाहणाऱ्याला हिंदूरावाचा राग येतो आणि थोडा आदरही वाटतो. हा गोंधळ आपल्या प्रत्येकाच्या मनात आपल्या तालुक्याच्या पुढाऱ्याबद्दल असतोच की.

हे काम त्या वेळी एवढे का भिडले ते कळायला सहकाराचा इतिहास थोडा आठवावा लागतो. प्रवरेचा पहिला सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिला, 1950 साली गाळप सुरू झाले. शेतकऱ्याने सावकाराच्या आणि व्यापाऱ्याच्या तावडीतून सुटावे हा त्यामागचा हेतू. त्या हेतूने अनेक भागांत खरेच सोने पिकवले. रस्ते आले, शाळा आल्या, दवाखाने आले. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, गावात सत्तेची नवी दारे उघडली. पण सत्तरच्या दशकापर्यंत बऱ्याच ठिकाणी कारखाना, सोसायटी, बँक आणि पंचायत समिती या चारही दारांच्या किल्ल्या एकाच घरात गेल्या होत्या.

किल्ल्या एका हातात गेल्या की काय होते ते ऊसवाल्याला ठाऊक आहे. ऊस तयार झाला आणि तोड वेळेवर आली नाही, तर उभ्या उसाचे वजन घटते, साखर उतारा खाली येतो, खोडवा लांबतो, पुढच्या पिकाची वेळ हुकते. तोडीची पाळी कुणाची आधी लावायची हे लिहिणारा हात ज्याच्या ताब्यात, त्याला वेगळी दमदाटी करावी लागत नाही. सोसायटीचे कर्ज, खताची पोती, पोराची नोकरी, सगळ्याच्या मागे तोच हात असला की भर सभेत प्रश्न कोण विचारणार? हिंदूराव मऊ आवाजात का बोलू शकतो, त्याचे उत्तर इथे आहे. निळूभाऊंनी ते आवाजाच्या पट्टीत पकडले.

एकाच साच्यात न अडकलेला

निळू फुले म्हणजे फक्त पाटील-चेअरमन असे समजणे चूक. तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक 1972 साली रंगभूमीवर आले. कमलाकर सारंग यांचे दिग्दर्शन, सोबत लालन सारंग. टाकून दिलेल्या बायकांना घरात आणून ठेवणारा, शिवराळ, पण ढोंग न करणारा बाइंडर निळूभाऊंनी केला. नाटकावर मोठे वादळ उठले. परिनिरीक्षण मंडळाने हरकती घेतल्या, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि तिथे नाटकाच्या बाजूने निकाल लागला. वगातला नट शहरी नाट्यगृहातल्या इतक्या अवघड भूमिकेला पेलेल का, अशी शंका घेणाऱ्यांची तोंडे त्या कामाने बंद झाली.

1979 च्या ‘सिंहासन’मध्ये ते उलट्या बाजूला गेले. अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्यांवरचा हा चित्रपट, दिग्दर्शन पुन्हा जब्बार पटेलांचे. यात निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस झाले. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, दलाल, कामगार पुढारी या सर्वांच्या दारात हा दिगू वावरतो, सगळे पाहतो, सगळे समजतो आणि शेवटी ते पाहणे त्याच्या डोक्याला सहन होत नाही. खुर्चीवर बसलेला आणि खुर्चीकडे पाहून वेडा होणारा, अशी दोन टोके एकाच नटाने पाच वर्षांच्या आत करून दाखवली.

जयवंत दळवी यांच्या ‘सूर्यास्त’ नाटकात ते मुख्यमंत्र्याचे गांधीवादी वडील झाले. सत्तेवर बसलेल्या पोराच्या कारभाराविरुद्ध उभा राहणारा हा म्हातारा. ज्यांनी त्यांना फक्त खलपुरुष म्हणून पाहिले होते, त्यांना हे काम पाहून डोळे पुसावे लागले. हिंदीतही 1983 चा ‘कुली’, 1984 चे ‘मशाल’ आणि ‘सारांश’ अशी कामे झाली. ‘सारांश’मधला स्थानिक पुढारी गजानन चित्रे पाहिला तर कळते, की भाषा बदलली तरी जात तीच. तरीही निळूभाऊ हिंदीच्या मागे धावत सुटले नाहीत. 1991 चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला.

कमाई आणि कृतज्ञता

नाव झाले, पैसा आला, की जुनी माणसे आणि जुने विचार सुटतात. निळूभाऊंचे तसे झाले नाही. सेवा दलाशी नाते राहिले. डॉ. बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, डॉ. नरेंद्र दाभोलकर या मंडळींबरोबर ते सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामात उतरले. या निधीची कल्पना शेतकऱ्याला चटकन समजेल अशी आहे. बियाणे मोडून खायचे नाही. लोकांकडून रक्कम गोळा करायची, मुद्दलाला हात न लावता ती गुंतवायची आणि व्याजातून पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यायचे. कुणाची चूल धरणग्रस्तांच्या कामापायी थंड पडलेली, कुणाची दलित-भटक्यांच्या कामापायी. अशांना आधार.

निधी जमवायला नटांनी आपल्याजवळ होते ते दिले, म्हणजे कला. आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’ या जुन्या नाटकाचे प्रयोग नामवंत कलावंतांनी मानधन न घेता गावोगाव केले. त्यात डॉ. लागू होते, निळूभाऊ होते. ज्या गावात त्यांच्या नावाने बोटे मोडली जात होती, त्याच गावात ते कार्यकर्त्यांच्या भाकरीसाठी उभे राहिले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतही ते सोबत राहिले. 80 रुपयांतले 10 देण्याची सवय शेवटपर्यंत टिकली, फक्त रक्कम मोठी झाली.

यामुळेच त्यांच्या खलनायकाला धार होती असे वाटते. ज्याला हिंदूरावाचा हेवा वाटतो, त्याला हिंदूराव नीट करता येणार नाही. त्याच्या हातून तो रुबाबदार तेवढा होईल. निळूभाऊंनी हिंदूराव खालून पाहिला होता, माळ्याच्या जागेवरून. उभ्या ठेवलेल्या माणसाला बसलेला माणूस कसा दिसतो ते त्यांना माहीत होते.

शेवटचा चित्रपट शेतकऱ्याचा

शेवटच्या दिवसांत त्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाने गाठले. ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ हा 2009 सालचा चित्रपट त्यांच्या अखेरच्या कामांपैकी. विषय शेतकऱ्याच्या कर्जाचा आणि आत्महत्यांचा. भानगडी लावणाऱ्या झेलेअण्णापासून सुरू झालेला प्रवास कर्जाखाली दबलेल्या शेतकऱ्याच्या गोष्टीपाशी येऊन थांबला. 1968 ते 2009 या चाळीस वर्षांत महाराष्ट्राच्या खेड्यात काय काय बदलले याचा आलेख त्यांच्या भूमिकांवरूनही काढता येईल.

आता गावागावांत सप्टेंबरअखेरपर्यंत सोसायट्यांच्या, दूध संस्थांच्या, कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. अहवाल छापून घरी येतो. तो बरेच जण भाकरी गुंडाळायला वापरतात. सभेत विषय वाचले जातात, मंजूर मंजूर असा गजर होतो आणि नाश्त्याची पाकिटे वाटली जातात. ‘सामना’तल्या मास्तरने वेगळे काय केले होते? त्याच्याकडे संघटना नव्हती, पैसा नव्हता, धड शुद्धसुद्धा नव्हती. होता तो एक प्रश्न, आणि तो त्याने सोडला नाही. सभासदाला अहवालातला एक आकडा जरी कळला नाही तरी तो उठून विचारण्याचा त्याला कायद्याने हक्क आहे. तोडीची यादी कशी लागली, घटीचा हिशेब काय, ठेवी कुठे गुंतवल्या, हे प्रश्न कुणाच्या विरुद्ध नसतात, संस्थेच्या बाजूचे असतात. चांगला चेअरमन अशा प्रश्नाने दुखावत नाही. जो दुखावतो त्याला गाव काय नाव ठेवते ते वर सांगितलेच आहे.

ग्रामपंचायतीकडे, शाळेकडे आता पडदा आणि प्रोजेक्टर बहुतेक ठिकाणी आहे. ग्रामसेवक, शिक्षक आणि तरुण मंडळांनी मनावर घेतले तर गणपतीच्या दिवसांत एका रात्री ‘सामना’ आणि दुसऱ्या रात्री ‘सिंहासन’ गावाला दाखवता येईल. सरपंच आणि चेअरमन यांना पुढच्या रांगेत मानाने बसवावे. खेळ संपल्यावर लगेच उठू नये. पंधरा मिनिटे बसून बोलावे. निळूभाऊ ज्या कलापथकातून आले, तिथली रीत हीच होती.